गणित सुटलं, पण उरलेले २ ग्रॅम कुठं गेले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे. जागा नसली तर कुठंही कात्री लावा, फक्त गॅस गीझरचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

माझी नात अकरावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी आत्तापासूनच चालू आहे, क्लास आहे, टेस्ट सिरीज आहे, सगळं आहे. मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर ती केमिस्ट्रीची गणितं सोडवत बसलेली आणि मी शेजारी तुमचा पेपर वाचत होतो. गणित असं होतं की १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया झाली तर पाणी किती ग्रॅम तयार होईल. पोरीनं अर्ध्या मिनिटात ७२ वर टिक केलं. उत्तर बरोबर. मी सहज विचारलं, बाळ, १० आणि ६४ मिळून ७४ होतात, पाणी तर ७२ च झालं, मग २ ग्रॅम कुठं गेले? ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आजोबा ते विचारलेलं नाही.

मी तिला रागावलो नाही कारण चूक तिची नाहीच. तिला क्लासमध्ये शिकवलंय की दिलेल्या वजनाला मोलर मासनं भागा, जे मोल येतील त्यांना समीकरणातल्या आकड्यानं भागा, जे लहान येईल ते लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, त्याच्यावरून पुढचं उत्तर काढा. पद्धत शंभर टक्के बरोबर आहे, मी त्या सरांना नावं ठेवत नाही, सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, त्यात उरलेल्या २ ग्रॅमचा विचार करायला पोरांना सवड कुठली. पण मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली आहेत आणि मला माहीत आहे की खऱ्या कामात सगळा घोळ ह्या उरलेल्या मालातच असतो. काय उरलं, किती उरलं, आणि जे कमी पडलं त्यामुळं काय झालं. म्हणून हे पत्र.

आधी त्या २ ग्रॅमचं सांगतो. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू होतात हे दहावीच्या पोराला पाठ असतंय. पण ह्यातला २ आणि १ हा नगाचा हिशोब आहे, वजनाचा नाही, आणि नेमकं इथंच निम्मी पोरं घसरतात, त्यांना वाटतं २ ग्रॅमला १ ग्रॅम. वजनानं बघितलं तर ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे १ ला ८. ६४ ग्रॅम ऑक्सिजनला ८ ग्रॅमच हायड्रोजन लागला, तो घेऊन ७२ ग्रॅम पाणी झालं, आणि उरलेला २ ग्रॅम हायड्रोजन जोडीदार न मिळाल्यामुळं तसाच भांड्यात राहिला. कुठं गेला नाही. ७२ आणि २, झाले की ७४.

नातीला हे मी उद्यमनगरातल्या नटबोल्टवरून सांगितलं, कारण तिच्या वडलांचं वर्कशॉप तिथंच आहे आणि तिनं दुकानात बोल्ट किलोवर तोलून घेतलेले बघितलेत. समजा एक बोल्ट २० ग्रॅमचा आहे आणि नट ५ ग्रॅमचा. मशीन हादरतं म्हणून प्रत्येक बोल्टला दोन नट लावायचे, एक नेहमीचा आणि एक चेकनट. आता १ किलो बोल्ट आणले तर नट किती आणायचे? २ किलो म्हणून सांगणारा माणूस फसला. १ किलोत बोल्ट बसले ५०, त्यांना नट लागणार १००, त्यांचं वजन अर्धा किलो. नगाचा हिशोब १ ला २ आणि वजनाचा हिशोब बरोबर उलटा, २ ला १. आणि दुकानात नट ४०० ग्रॅमच शिल्लक असले तर ८० नट झाले, म्हणजे ४० जोड, १० बोल्ट तसेच पडून राहणार, मग तुम्ही बोल्ट अजून दहा किलो आणा, जोड काही ४० च्या वर जात नाही. लिमिटिंग रिएजंट म्हणजे हे ४०० ग्रॅम नट. दुसरं काही नाही.

मोल पण तसाच आहे. अणू मोजता येत नाहीत म्हणून तोलायचे, आणि तोललेलं वजन नगात बदलायला एक ठरलेला गठ्ठा लागतो, डझन असतो तसा, फक्त हा डझन फार मोठा आहे, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून तर हा आकडा जगभर कायमचा ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६, पुढं काही नाही. कार्बनचा एक मोल १२ ग्रॅम, ऑक्सिजन वायूचा ३२, पाण्याचा १८. नववीच्या आपल्या पुस्तकात द्रव्याचे मोजमाप म्हणून धडा आहे त्यात हे मराठीतून चांगलं दिलंय, रेणुवस्तुमान म्हणून. अकरावीला तेच मोलर मास म्हणून येतंय आणि पोरांना वाटतं हे काहीतरी नवीन आहे. आकडा तोच असतो हो. माझ्या नातीला सुद्धा मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, हे तर आम्हाला झालंय.

ह्या हिशोबाला स्टॉइकिओमेट्री हे नाव रिश्टर नावाच्या जर्मन माणसानं १७९२ मध्ये दिलं, ग्रीक भाषेत मूलद्रव्य आणि माप अशा दोन शब्दांचं मिळून ते झालंय. त्याच्या आधी फ्रान्समध्ये लाव्हाझिएनं बंद भांड्यात पदार्थ जाळून आधीचं आणि नंतरचं वजन करून दाखवलं होतं की एकूण वजन कमी होत नाही आणि वाढत पण नाही. म्हणजे हे शास्त्र सुरू झालं तेच मुळात तराजूवर, आणि आज आपल्या पोरांना ते तराजूला हात न लावता शिकवलं जातंय. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

आता गॅसचं. घरातला सिलिंडर १४.२ किलोचा. एलपीजीमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन दोन्ही असतात पण हिशोबाला सोपं म्हणून सगळा ब्युटेन धरू. ब्युटेनच्या २ रेणूंना पूर्ण जळायला ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू होतात. ग्रॅममध्ये बघितलं तर ११६ ग्रॅम ब्युटेनला ४१६ ग्रॅम ऑक्सिजन, आणि होणार ३५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८० ग्रॅम पाण्याची वाफ. दोन्हीकडं बेरीज ५३२. ह्याच प्रमाणात एक सिलिंडर संपला म्हणजे साधारण ५१ किलो ऑक्सिजन आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेतून गेला आणि ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो वाफ तयार झाली. नात म्हणाली १४ किलोच्या टाकीतून ४३ किलो कसं काय निघतंय. निघतंय कारण बाकीचं वजन हवेनं दिलं. हवा दिसत नाही म्हणून आपण ती हिशोबात धरत नाही आणि तिथंच जीव जातात.

ही गोष्ट नीट वाचा. थंडी पडली की बाथरूममध्ये गॅस गीझरमुळं माणूस दगावल्याच्या बातम्या पेपरात येतात, लोकांना वाटतं गॅस लीक झाला असेल. बऱ्याचदा गॅस लीक झालेलाच नसतो. ५ बाय ६ फुटाची आणि ८ फूट उंचीची बाथरूम धरा, त्यात हवा असते साधारण ८ किलो आणि त्या हवेत ऑक्सिजन १.९ किलोच्या आसपास. १ किलो गॅस पूर्ण जळायला ३.६ किलो ऑक्सिजन लागतो हे वरच्याच प्रमाणातून येतंय, म्हणजे दार खिडकी गच्च लावली असेल तर अर्धा किलो गॅस जळला की बाथरूममधला सगळाच्या सगळा ऑक्सिजन संपायला आला. आणि एवढं पण व्हावं लागत नाही, त्याच्या खूप आधी ज्योतीला ऑक्सिजन कमी पडायला लागतो, इथं लिमिटिंग रिएजंट बदलतो, आधी गॅस होता आता ऑक्सिजन झाला. मग काय होतंय, उरलेला गॅस हायड्रोजनसारखा गप्प पडून राहत नाही, तो अर्धवट जळतो. १३ च्या जागी ऑक्सिजनचे ९ च रेणू मिळाले की त्याच ब्युटेनमधून कार्बन डायऑक्साइडच्या ऐवजी कार्बन मोनॉक्साइड होतो. १३ चे ९, एवढाच फरक. प्रत्यक्षात दोन्ही वायू मिसळून निघतात पण मोनॉक्साइड थोडा असला तरी पुरतो, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. एलपीजीला आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस कडी उघडायच्या आधी खाली बसतो. म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा, आत असेल तर आज बदलून घ्या, आणि तोवर अंघोळीचं पाणी आधी बादलीत भरून गीझर बंद करून मगच आत जा. लिमिटिंग रिएजंटचं गणित अकरावीच्या प्रत्येक पोराला येतंय, पण घरातल्या गीझरला ते लावून दाखवणारं कुणी भेटत नाही.

कारखान्यातला एक अनुभव सांगतो, १९८७-८८ च्या गळीत हंगामातला. मी नवीन होतो, आमच्या भागातल्याच एका कारखान्यात लॅबला लागलेलो. उसाच्या रसातली घाण काढायला रस गरम करून त्यात चुन्याचं दूध आणि गंधक जाळून केलेला सल्फर डायऑक्साइड सोडतात, दोन्हीचा कॅल्शियम सल्फाइट होऊन त्याच्याबरोबर घाण खाली बसते. हिशोब सोपा आहे, १ किलो गंधक जळलं की २ किलो सल्फर डायऑक्साइड, आणि त्याला १.७५ किलो शुद्ध भाजलेला चुना. रसातली आम्लं अजून थोडा खातात ते वेगळं. आता बाजारात शुद्ध चुना कुणी देत नाही. आधीची गाडी चांगली होती, १ किलो गंधकाला २ किलोच्या आसपास चुना पुरायचा. त्या रात्री नवीन गाडीतला चुना लागला, मी बोमे, म्हणजे दूध किती दाट आहे ते दाखवणारं माप, बघितला, दूध नेहमीएवढंच दाट लागलं, म्हणून नेहमीएवढंच सोडायला सांगितलं आणि पुढच्या कामाला लागलो. तासाभरानं पीएच बघितला तर ६ च्या खाली. गरम रस आंबट झाला की त्यातली साखर फुटते, साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन बसतो आणि ती साखर परत पोत्यात येत नाही, गेली ती गेली. शेतकऱ्यानं अठरा महिने वाढवलेल्या उसातली साखर माझ्यामुळं तासभर फुटत होती, त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी आमच्या चीफ केमिस्ट साहेबांनी मला शेजारी बसवून घेतलं, नवीन चुना साखरेच्या पाण्यात ढवळून गाळून ॲसिडनं टायट्रेशन केलं. खरा चुना निघाला ७० टक्के. बाकी वाळू, नीट न भाजलेली चुनखडी आणि खडे. बोमेला वाळू पण दाट लागते आणि चुना पण. १.७५ ला ०.७० नं भागा म्हणाले, आले २.५ किलो. मी २ किलो सोडत होतो, म्हणजे शुद्ध चुना १.४ किलोच जात होता. आणि घाबरून आता चौपट टाकू नकोस म्हणाले, चुना जास्त झाला की रसातलं ग्लुकोज जळून रस काळा पडतो, हिशोब दोन्हीकडून चुकतो. तेव्हापासून मी कुठलंही गणित करताना आधी विचारतो की हे १०० ग्रॅम म्हणजे नक्की कशाचे १०० ग्रॅम. पुस्तकातल्या गणितात पदार्थ कायम शुद्ध असतो, म्हणून पोरांच्या डोक्यात हा प्रश्न येतच नाही.

उलट्या बाजूनं पण तसंच आहे, कागदावर जेवढं येतं तेवढं हातात येत नाही. डिस्टिलरीत मळीतल्या, म्हणजे मोलॅसिसमधल्या, साखरेची दारू होते तेव्हा ३४२ ग्रॅम साखरेमागं १८४ ग्रॅम अल्कोहोल व्हायला पाहिजे, म्हणजे १०० किलोला ५३.८ किलो. पण यीस्टला स्वतःचं पोट आहे, ते थोडी साखर स्वतः वाढायला खातं, थोडं ग्लिसरॉल होतं. १०० किलोला ४८.४ किलो मिळालं तर ९० टक्के उतारा धरायचा. गुऱ्हाळवाल्याला आणि ऊस घालणाऱ्याला उतारा हा शब्द नवीन नाही, मग परसेंट यील्ड शिकवताना पहिल्यांदा हा शब्द का येत नाही मला कळत नाही.

शेतकऱ्याच्या घरात युरियाचं पोतं असतंच, ४५ किलोचं. त्यावर नत्र ४६ टक्के लिहिलेलं असतं. युरियाचा मोल ६० ग्रॅमचा, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८ ग्रॅम, २८ भागिले ६०, आले ४६ आणि वर थोडं. पोत्यावरचा आकडा पोराला स्वतः काढता आला की त्याला किती बरं वाटेल. आणि ते ४५ किलो करायला २५.५ किलो अमोनिया आणि ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, वर १३.५ किलो पाणी सुटतं. करून बघा, दोन्हीकडं ५८.५ येतंय.

तर त्या रविवारी नातीला एवढं सगळं सांगून झालं आणि ती म्हणाली, आजोबा हे सगळं तुम्ही पण कागदावरच सांगताय की. बरोबर होतं तिचं. माझ्याकडं गुजरीतल्या एका ओळखीच्या सोनाराकडून घेतलेला जुना डिजिटल काटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. घरातला खाण्याचा सोडा आणला, बेकिंग पावडर नाही, त्यात स्टार्च आणि आंबट पदार्थ असतो. कोरड्या स्टीलच्या वाटीत बरोबर ८.४ ग्रॅम घेतला. सोडा तापला की त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा मागं राहतो, १६८ ग्रॅमचे १०६. म्हणजे ८.४ चे ५.३ व्हायला पाहिजेत. तिनं ५.३ कागदावर लिहून घडी करून ठेवलं.

वाटी तव्यावर ठेवून वीस मिनिटं तापवली, गार करून तोलली तर ६.१ ग्रॅम. तिचं तोंड उतरलं. म्हणलं थांब, परत ठेव. अजून पंधरा मिनिटं, ५.४. परत ठेवली, ५.३. परत एकदा तापवून बघितलं, ५.३ च, आता हलत नाही. वजन हलायचं थांबेपर्यंत तापवायचं, लॅबमध्ये आम्ही असंच करायचो. गेलेले ३.१ ग्रॅम म्हणजे ०.९ ग्रॅम पाणी आणि २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे तिनं मी न सांगता काढलं. आणि मग त्या वाटीकडं बघत म्हणाली, म्हणजे हे खरंच असं येतंय? अकरा वर्षं शाळेत जाणारी, मार्क चांगले असणारी पोरगी, तिला पहिल्यांदा वाटलं की हे खरंच असं येतंय. मला तेव्हा एकदम भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या एका शाळेत गेलो, म्हणलं हा प्रयोग पोरांकडून करून घ्या, मी येतो मदतीला, फुकट. तिथं काटा आहे, चांगला आहे, पण कपाटात कुलूपबंद, पोरांनी हात लावला तर बिघडतो म्हणून. प्रॅक्टिकलच्या वहीत मात्र सगळ्यांची वजनं लिहिलेली, तीसच्या तीस वह्यांत एकच आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत. खऱ्या काट्यावर तीस पोरांचा एकच आकडा येऊ शकत नाही हो. कुणाचा ५.२ येईल, कुणाचा ५.५, आणि ५.५ का आला हे शोधण्यातच तर शिकणं आहे, सोडा ओला होता का, तापवला कमी का, वाटी गरम असतानाच तोलली का.

माझी विनंती शाळांना अशी आहे की काटा कपाटातून बाहेर काढा, वर्षातून चार वेळा तरी प्रत्येक पोराच्या हातानं काहीतरी तोलू द्या आणि जे येईल ते लिहू द्या, चुकलं तरी. आणि विनंती तुम्हाला पण आहे संपादक साहेब. तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर सीईटीचे प्रश्न येतात ते येऊ द्यात, त्याच्याच खाली आठवड्याला एक हिशोब आपल्या जिल्ह्यातला द्या. शिरोलीच्या फौंड्रीत क्युपोलामध्ये, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, १०० किलो चुनखडी टाकली तर ५६ किलो चुना होतो आणि ४४ किलो वायू धुराड्यातून जातो, हुपरीत चांदी शुद्ध करताना १७० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटला ५८.५ ग्रॅम मीठ पुरतं, असे कितीतरी आहेत. मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

कुठल्या शाळेला सोड्याचा प्रयोग करायचा असेल तर त्यांनी तुमच्याकडं कळवावं, माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे. काटा, वाट्या आणि सोडा मी घेऊन येईन, शाळेनं फक्त एक शेगडी आणि उघड्या खिडक्यांची खोली द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शुगर केमिस्ट
मंगळवार पेठ, कोल्हापूर